'कॉन' नावाचे फोल्डर का तयार होत नाही?

साधारण वीस वर्षांपूर्वी भारतातल्या सायबर कॅफेंमध्ये आणि कार्यालयांमध्ये एक ईमेल हातोहात पुढे पाठवला जात होता. विंडोजच्या संगणकावर सी, ओ, एन या तीन इंग्रजी अक्षरांचे, म्हणजे 'कॉन' नावाचे फोल्डर कोणालाच तयार करता येत नाही. हा शोध एका भारतीयाने लावला आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या अख्ख्या चमूला, खुद्द बिल गेट्स यांनाही त्याचे कारण सांगता आलेले नाही, असे त्यात म्हटलेले असे. वाचणारा लगेच करून बघे. नवे फोल्डर घेतले, 'कॉन' नाव टाकले, एंटर दाबले, की संगणक नकार देई. दावा डोळ्यांदेखत खरा ठरला की त्याला जोडलेली गोष्टही खरीच वाटू लागते. पुढे हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही आला.

यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा मुळीच नाही. 'कॉन' हे नाव का चालत नाही याचे उत्तर मायक्रोसॉफ्टला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि कंपनीच्या मार्गदर्शिकेत ते छापलेले आहे. त्यात भुताटकी नाही. चार दशकांपूर्वी सोयीसाठी घेतलेला एक निर्णय आहे आणि तो मागे घेता न येण्याची कारणे आहेत. मात्र हा विषय गमतीवर संपत नाही. याच नियमामुळे प्रयोगशाळेतली मोजमापे, विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा कार्यालयातली नोंदवही असलेली फाइल काहीही न कळवता नाहीशी होऊ शकते. म्हणून संगणकावर रोज काम करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेणे उपयोगाचे आहे.

बावीस वर्ज्य नावे

'कॉन' एकटे नाही. मायक्रोसॉफ्टच्या यादीत आणखी तीन शब्द आहेत: पीआरएन, एयूएक्स, म्हणजे 'ऑक्स', आणि एनयूएल, म्हणजे 'नल'. त्याशिवाय 'कॉम' या अक्षरांपुढे 1 ते 9 पैकी एक अंक लावून होणारी नऊ नावे आणि 'एलपीटी' या अक्षरांपुढे 1 ते 9 लावून होणारी नऊ नावे. अशी ही 22 नावे झाली.

ही सगळी संगणकाला जोडलेल्या उपकरणांची नावे आहेत. 'कॉन' म्हणजे कन्सोल, अर्थात कळफलक आणि पडदा. 'पीआरएन' म्हणजे प्रिंटर. 'ऑक्स' म्हणजे जादाचे साहाय्यक उपकरण, जे पहिल्या सीरियल पोर्टवर जोडले जाई. 'कॉम' म्हणजे मोडेमसारखी उपकरणे जोडण्याचे सीरियल पोर्ट. 'एलपीटी' म्हणजे लाइन प्रिंटरचे पोर्ट. आणि 'नल' म्हणजे कुठलेच उपकरण नाही. तो तळ नसलेला रांजण आहे. त्यात कितीही ओता, काही साठत नाही. काढायला जा, काही मिळत नाही.

नियम लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. नावापुढे टिंब देऊन विस्तार जोडला तरी सुटका नाही. 'नल'पुढे टीएक्सटी लावा किंवा सीएसव्ही, विंडोज 10 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना ते 'नल'च वाटते. अंकाच्या जागी वर लिहिलेला छोटा ¹, ² किंवा ³ वापरून 'कॉम¹' असे नाव द्यायला गेलात, तर तेही आरक्षितच. उलट, नाव या अक्षरांनी नुसते सुरू होत असेल तर हरकत नाही. 'कॉन्ट्रॅक्ट' चालते, 'कन्सोल' चालते. विस्ताराच्या जागी ही अक्षरे आली तरी चालतात. लेटेक या प्रणालीत प्रबंध लिहिणाऱ्यांच्या संगणकावर 'ऑक्स' विस्ताराच्या शेकडो फाइली तयार होतात आणि त्या सुखाने नांदतात. अडचण होते ती टिंबाच्या आधीचे पूर्ण नाव यादीतले असेल तरच. आणि देवनागरीत 'कॉन' लिहिले तर फोल्डर विनातक्रार तयार होते, कारण यादी इंग्रजी अक्षरांची आहे.

आज्ञा कोण वाचते?

हे कोडे सुटायला आधी 'शेल' म्हणजे काय ते पाहावे लागते. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली की ती वाचून पुढची कामे करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. विंडोजमधला कमांड प्रॉम्प्ट हे एक शेल, पॉवरशेल हे दुसरे, लिनक्सवर सर्रास वापरले जाणारे बॅश हे तिसरे. शेल स्वतः डिस्कवर काही लिहीत नाही. ते आज्ञेची फोड करते आणि फाइल उघडण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवते. दुकानातला नोकर गिऱ्हाइकाची मागणी ऐकून आतल्या गोदामाकडे चिठ्ठी पाठवतो, तसे.

आज्ञेच्या शेवटी '>' हे चिन्ह आणि एक नाव लिहिले की आज्ञेचे उत्तर पडद्यावर न येता त्या नावाच्या फाइलमध्ये जाते. कमांड प्रॉम्प्टमध्ये या जागी 'नल' लिहिले तर उत्तर कुठेच जात नाही. नको असलेला मजकूर गिळून टाकण्यासाठी बॅच फाइली लिहिणारे लोक हीच युक्ती वापरतात. गंमत अशी, की 'नल' म्हणजे काय हे कमांड प्रॉम्प्टला माहीत असण्याची गरजच नाही. ते इतर कुठल्याही नावासारखे 'नल' हे नाव विंडोजकडे देते आणि विंडोज फाइल न उघडता उपकरण उघडून देते. शेलच्या लेखी दोन्ही सारखेच.

नव्वदच्या दशकात संगणक वर्गात डॉस शिकलेल्यांना 'कॉपी कॉन' ही आज्ञा आठवत असेल. कॉपी कॉन, मग फाइलचे नाव, मग मजकूर आणि शेवटी कंट्रोल-झेड. एवढ्यावर फाइल तयार होई. आज्ञेचा सरळ अर्थ 'कन्सोलवरून या फाइलमध्ये नक्कल कर' असा होता. कळफलकालाच फाइल समजून तिच्यातून वाचण्याची ती सोय होती. ज्या नावाचे फोल्डर होत नाही म्हणून पुढे अचंबा वाटला, ते नाव कित्येकांनी वर्गात रोज टाइप केलेले होते.

फोल्डर नव्हते तेव्हाची गोष्ट

ही सोय मायक्रोसॉफ्टची मूळ कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या गॅरी किल्डॉल यांनी 1974 मध्ये सीपी/एम ही छोट्या संगणकांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तिच्यात फाइलींची नक्कल करणारा पिप नावाचा प्रोग्रॅम होता आणि त्याला फाइलच्या नावाऐवजी उपकरणाचे नाव दिलेले चालत असे. हा प्रोग्रॅमही किल्डॉल यांनी त्याआधीच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संगणकांवरून घेतलेला. सीपी/एममध्ये उपकरणाच्या नावापुढे अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबे, द्यावी लागत. 'कॉन:' म्हणजे उपकरण आणि नुसते 'कॉन' म्हणजे फाइल. घोटाळ्याला जागा नव्हती.

1980 मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या धर्तीवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट 1981 मध्ये आलेल्या आयबीएम पीसीवर ती डॉस या नावाने लोकांपर्यंत पोहोचली. डॉसमध्ये उपकरणांची नावे एखाद्या प्रोग्रॅमपुरती न राहता सबंध प्रणालीची झाली आणि त्यांच्यापुढच्या दोन टिंबांची सक्तीही उरली नाही.

यामागे साधा हिशेब होता. तोपर्यंतच्या बहुतेक प्रोग्रॅमांना फक्त फाइलमध्ये लिहिता येई. त्यांनी विचारले, 'कोणत्या फाइलमध्ये साठवू?' आणि वापरणाऱ्याने 'पीआरएन' असे उत्तर दिले, तर मजकूर थेट प्रिंटरवर जावा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला छपाईसाठी वेगळी ओळही लिहावी लागू नये. पण कित्येक प्रोग्रॅम दिलेल्या नावापुढे आपापला विस्तार आपोआप चिकटवत. 'पीआरएन' टाइप केले तर त्याचे 'पीआरएन.टीएक्सटी' होई. तरीही मजकूर प्रिंटरकडेच जावा म्हणून डॉसने विस्ताराकडे काणाडोळा करायचे ठरवले. आज विचित्र वाटणाऱ्या नियमाचा हा उगम.

या निर्णयाचा त्रास त्या वेळी कोणाला होणार होता? पहिल्या पीसीच्या फ्लॉपीवर 160 किलोबाइट मावत आणि तिच्या सूचीत फार तर 64 फाइलींची नोंद होई. फोल्डर ही गोष्टच नव्हती. सगळ्या फाइली एकाच खोलीत असत. त्या खोलीत चार-सहा नावे उपकरणांसाठी राखून ठेवली तर काही बिघडत नव्हते.

मार्च 1983 मध्ये आलेल्या डॉस 2.0 ने फोल्डर आणले आणि एका खोलीचे घर झाले. आता प्रश्न आला, की ही नावे कुठल्या खोलीत राखीव ठेवायची? बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स प्रणालीने याचे उत्तर आधीच शोधून ठेवले होते. तिथे उपकरणे 'डेव्ह' नावाच्या एका ठरलेल्या फोल्डरमध्ये राहतात. तळ नसलेला रांजण युनिक्सवरही आहे, पण त्याचा पत्ता '/डेव्ह/नल' असा पूर्ण लिहावा लागतो. दुसऱ्या कुठल्याही फोल्डरमध्ये त्याच नावाची साधी फाइल खुशाल ठेवता येते. डॉस 2.0 मध्येही उपकरणांना असे 'डेव्ह' लावूनच हाक मारायची, असा एक पर्याय निवडता येत होता. पण तो टिकला नाही. कारण तोवर बाजारात आलेले प्रोग्रॅम, लोकांच्या बॅच फाइली आणि बोटांच्या सवयी नुसत्या 'पीआरएन' आणि 'नल'वर बसल्या होत्या. म्हणून उपकरणे प्रत्येक फोल्डरमध्ये हजर आहेत, असे मानायचे ठरले.

मग त्या विचित्रपणाचाही लोकांनी उपयोग करून घेतला. एखादे फोल्डर अस्तित्वात आहे का, हे बॅच फाइलमधून तपासायची युक्ती अशी होती, की त्या फोल्डरमध्ये 'नल' आहे का ते विचारायचे. 'नल' प्रत्येक फोल्डरमध्ये असतोच. तो सापडला नाही तर फोल्डरच नाही. अशा युक्त्यांवर असंख्य बॅच फाइली उभ्या राहिल्या. 1993 मध्ये विंडोज एनटी पूर्णपणे नव्याने लिहिले गेले, तरी जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून तिथेही नियम तसाच ठेवला गेला. आजचे विंडोज त्या एनटीचेच वंशज आहे.

नाव एक, वाचणारे अनेक

एनटीच्या रचनेत एक मेख आहे. डिस्कवर फाइली रचून ठेवणाऱ्या यंत्रणेला 'कॉन' किंवा 'नल' या नावांचे काहीच वावडे नाही. त्यांना अडवतो तो वरचा थर, जो प्रोग्रॅमकडून आलेले नाव वाचून त्याचा पूर्ण पत्ता तयार करतो. दारावरचा पहारेकरी नाव वाचतो आणि फाइलीकडे निघालेल्याला उपकरणाकडे वळवतो. पत्त्याच्या सुरुवातीला '\\?\' ही चार चिन्हे लावली तर पहारेकरी नाव तपासत नाही आणि 'कॉन' नावाचे फोल्डरही तयार होते. म्हणजे फिरत्या ईमेलमधला 'कोणालाच, कुठेच' हा दावाही पुरता खरा नाही.

आणि इथेच वेगवेगळ्या शेलांची गुंतागुंत सुरू होते. कमांड प्रॉम्प्टमध्ये '> नल' लिहिले की मजकूर नाहीसा होतो. जुन्या विंडोज पॉवरशेलमध्ये तेच लिहिले तर लाल अक्षरांत त्रुटी येते, कारण त्याच्या मुळाशी असलेली डॉटनेट यंत्रणा 'ही फाइल नव्हे, उपकरण आहे' असे सांगून हात वर करते. पॉवरशेलमध्ये या कामासाठी डॉलरचे चिन्ह लावलेला वेगळा शब्द आहे. विंडोजवरच गिटसोबत येणाऱ्या बॅशमध्ये '> नल' लिहिले तर मजकूर नाहीसा होत नाही आणि त्रुटीही येत नाही. बॅश युनिक्सच्या रीतीने चालते, तिथे नुसत्या 'नल'ला विशेष अर्थ नाही. त्यामुळे डिस्कवर 'नल' नावाची खरीखुरी फाइल तयार होते. नंतर माउसने ती पुसायला गेले की पहारेकरी आडवा येतो. फाइल दिसते, पण पुसता येत नाही. अलीकडे एआय साधनांकडून आज्ञा लिहून घेण्याची पद्धत आली आहे. अशी साधने एका शेलची आज्ञा दुसऱ्यात चालवतात, तेव्हा लोकांच्या संगणकांवर अशा हट्टी फाइली उगवतात.

बॅशलाही स्वतःचे आरक्षित पत्ते आहेत. '/डेव्ह/टीसीपी' अशा पत्त्याने सुरू होणारे नाव '>' पुढे दिले तर बॅश फाइल शोधत नाही, नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकाशी संपर्क साधते. त्या नावाची फाइल डिस्कवर नसते. तो अर्थ शेल स्वतः लावते. थोडक्यात, नावाचा अर्थ नावात नसतो. तो वाचणाऱ्यापाशी असतो आणि वाचणारा बदलला की अर्थ बदलतो.

गंमत महागात पडते तेव्हा

विंडोज 95 आणि 98 मध्ये या पहारेकऱ्यालाच चकवा बसत होता. पत्त्यात उपकरणाचे नाव दोनदा आले, म्हणजे 'कॉन\कॉन' असे काही उघडायला सांगितले, की संबंध संगणक निळा पडदा दाखवून बंद पडे. कोणी वेबपानावरच्या चित्राच्या पत्त्यात ही अक्षरे दडवली, तर ते पान उघडणाऱ्याचे न साठवलेले काम जाई. मायक्रोसॉफ्टने मार्च 2000 मध्ये सुरक्षा सूचना काढून त्यावर दुरुस्ती दिली.

2017 मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सार्वजनिक भांडारात कोणीतरी 'नल' नावाचे एक छोटे पॅकेज ठेवले. त्या भांडाराच्या सूचीत प्रत्येक पॅकेजच्या नावाची एक फाइल असे. विंडोजवर ही फाइल तयार होईना, त्यामुळे सूची अद्ययावत होईना आणि विंडोज वापरणाऱ्या रस्ट प्रोग्रॅमरांचे काम अडले. पॅकेज हटवले गेले आणि पुढे ही नावे तिथेही वर्ज्य झाली. लिनक्सच्या मूळ गाभ्याच्या संहितेत 'ऑक्स.सी' नावाची फाइल आहे. ती ग्राफिक्स कार्डाच्या साहाय्यक वाहिनीशी संबंधित आहे आणि ते नाव तिला शोभतेही. पण विंडोजवर गिटने ती संहिता उतरवायला गेले की याच फाइलवर गाडी अडते.

प्रयोगशाळेत आणि महाविद्यालयात हा धोका आणखी जवळचा आहे. वैद्यकीय अभ्यासात ज्या गटाला औषध दिलेले नसते तो 'कंट्रोल' गट आणि त्याचे सहज सुचणारे लघुरूप 'कॉन'. वनस्पतिशास्त्रात ऑक्सिन या संप्रेरकासाठी 'ऑक्स' लिहिण्याचा मोह होतो. औषधाच्या चिठ्ठीवर 'पीआरएन' म्हणजे 'गरज भासेल तेव्हा', हे लॅटिन शब्दांचे लघुरूप. आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत शिकलेल्यांसाठी पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक. परीक्षेच्या अर्जावर तो लिहिल्याशिवाय गत्यंतर नसते. विद्यार्थ्यांच्या या क्रमांकांची यादी ठेवायला नुसत्या 'पीआरएन' नावाचे फोल्डर करायला गेले, तर विंडोजला त्यात प्रिंटर दिसतो.

फोल्डर झाले नाही तर निदान कळते तरी. खरे नुकसान होते ते न कळवता होणारे. समजा, एखादा प्रोग्रॅम तक्त्यातल्या प्रत्येक गटाच्या नावाने एकेक निकाल-फाइल लिहितो आहे. विंडोज 10 वर गटाचे नाव 'कॉन' असेल तर निकाल फाइलऐवजी पडद्यावर सांडतो. 'ऑक्स' असेल आणि संगणकाला सीरियल पोर्ट नसेल तर त्रुटी येते. पण नाव 'नल' असेल तर फाइल उघडल्याचे भासते, लिहिणे यशस्वी होते, फाइल बंद होते आणि डिस्कवर काहीच नसते. कमांड प्रॉम्प्टमध्ये एखाद्या फाइलची नक्कल 'नल'वर करायला सांगितली तर एक फाइल कॉपी झाल्याचा संदेशही येतो. यंत्र खोटे बोलत नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे बिनतळाच्या रांजणात ओतलेले असते. पण महिनाभराच्या मोजमापांचा मालक हे समजेपर्यंत फाइल शोधत बसतो.

नावाला भलताच अर्थ चिकटण्याचा फटका जीवशास्त्राने याआधी सोसला आहे. मार्च-1, सेप्ट-1 अशा नावांच्या जनुकांना एक्सेल तारखा समजत असे आणि तक्ता उघडताच बदलून टाकत असे. 2016 च्या एका तपासणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका आढळल्या. अखेर मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने 2020 च्या नियमावलीत मार्च-1 चे मार्चएफ-1 आणि सेप्ट-1 चे सेप्टिन-1 केले. सॉफ्टवेअर बदलायची वाट पाहण्यापेक्षा जनुकाचे नाव बदलणे सोपे ठरले. एक्सेलमध्ये हा बदल बंद करण्याची सोय 2023 मध्ये आली.

काय करावे?

सर्वात सोपा उपाय म्हणजे फाइलला दोन-तीन अक्षरांचे नाव न देणे. 'कॉन'ऐवजी 'कंट्रोल_गट_1', 'पीआरएन'ऐवजी 'पीआरएन_यादी' असे लिहिले की प्रश्न मिटतो. शिवाय सहा महिन्यांनी फाइल ओळखूही येते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तक्त्यातल्या नावांवरून फाइली तयार करताना प्रत्येक नावाआधी एखादा ठरलेला शब्द जोडावा, म्हणजे यादीतले नाव जसेच्या तसे कधीच येणार नाही.

लिनक्स किंवा मॅकवरची फोल्डरे विंडोजवर आणताना, विशेषतः बॅकअप घेताना, दोन्हीकडच्या फाइलींची संख्या मोजून ताडून पाहावी. एक-दोन कमी भरल्या तर आधी ही 22 नावे शोधावीत. डिस्कवर हट्टी 'नल' फाइल बसली असेल तर घाबरू नये. हा विषाणू नाही आणि डिस्कही खराब झालेली नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पुसण्याची आज्ञा देताना फाइलचा ड्राइव्हच्या अक्षरापासूनचा पूर्ण पत्ता लिहून त्याआधी '\\?\' ही चिन्हे लावली की ती पुसली जाते. ज्या बॅशने ती तयार केली, त्याच बॅशमधूनही ती पुसता येते. आणि आज्ञा कुठूनही उतरवून घेतली किंवा एआयकडून लिहून घेतली, तर ती कुठल्या शेलसाठी आहे हे आधी पाहावे. मजकूर गिळण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नल', बॅशमध्ये '/डेव्ह/नल' आणि पॉवरशेलमध्ये त्याचा डॉलरवाला शब्द, हे तिन्ही वेगळे आहेत.

2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 ने हा नियम काहीसा सैल केला. विस्तार जोडलेले 'कॉन.टीएक्सटी'सारखे नाव आता साधी फाइल मानले जाते. तरी मायक्रोसॉफ्टची मार्गदर्शिका ही नावे टाळा असेच सांगते आणि ते योग्यही आहे. फाइल एका संगणकावर राहत नाही. ती ईमेलने जाते, पेनड्राइव्हवर जाते, कार्यालयातल्या जुन्या संगणकावर उघडली जाते आणि तिथला पहारेकरी जुनाच असू शकतो.

त्या ईमेलने लाखो लोकांना एक चांगला प्रयोग करायला लावला, पण 'याचे उत्तर कोणालाच माहीत नाही' असे सांगून पुढचा प्रश्न मात्र बंद करून टाकला. उत्तर शोधणाऱ्याला 160 किलोबाइटची फ्लॉपी सापडली असती, एका खोलीचे घर सापडले असते आणि जुन्या गिऱ्हाइकांचे प्रोग्रॅम चालू राहावेत म्हणून चाळीस वर्षे पाळलेला एक नियमही सापडला असता.